आईच्या लग्नातली करवली

“आईच्याच लग्नात करवली! बोला आता!”

शिक्षक खोलीत हशा पिकला. मी दारातच होते, हातात डबा. मराठीच्या मॅडम पदराने डोळे टिपत होत्या, इतक्या हसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये गं, बस. तू होतीस ना हॉलमध्ये? खरंच म्हणाली ती असं?”

“हो.”

“आणि पाहुण्या बाईंचा चेहरा कसा झाला?”

मी डबा उघडला आणि भेंडी खायला लागले. मी उत्तर देत नाही याची तिथे सगळ्यांना सवय होती. ‘आमच्या इंग्लिश मॅडम लाजतात,’ असं म्हणून माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी कायमचा निकाल लावला होता. पोळीचा तुकडा मोडताना मी मान खाली घातली होती. रागाने. पण रागाने खाली घातलेली मान आणि लाजून खाली घातलेली मान बाहेरून सारखीच दिसते, आणि मी ती कोणती आहे हे सांगायच्या भानगडीत पडले नाही.

शाळा सरकारी, वज्रेश्वरीच्या रस्त्यावरची. गावाचं नाव सांगत नाही. मी तिथे तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते, म्हणजे घेतलेल्या तासांपुरती नोकरी. पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही, ते मुख्याध्यापकांच्या मनावर. रोज कोन गावाहून रिक्षाने भिवंडी आणि तिथून एसटी. शाळेत सेमी इंग्लिशची तुकडी निघाली तेव्हा विज्ञान इंग्रजीतून शिकवायला कोणी मिळेना, म्हणून मला घेतलं. माझी शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे इथे माझ्याबद्दल दोन समज आहेत: मला सगळं येतं, आणि मला मराठी येत नाही. दोन्ही खोटे आहेत.

त्या शुक्रवारी मुलींना मार्गदर्शन होतं. वरून आदेश आला होता, किशोरवयीन मुलींसाठी वर्षातून एकदा कार्यक्रम घ्या. मुख्याध्यापकांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, “विषय संस्काराचा आहे. संयमाचा. शरीरशास्त्र नको. तसा जीआर आहे.” कोणता जीआर, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मुलांना मैदानावर पिटाळलं. आठवी ते दहावीच्या मुली हॉलमध्ये सतरंजीवर बसवल्या. एक शिक्षिका हजर हवी म्हणून मला खिडकीपाशी खुर्ची दिली.

पाहुण्या बाई भिवंडीहून आल्या होत्या, कुठल्याशा मंडळाच्या. कडक इस्त्रीची साडी, गोड आवाज. त्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायला हवं. प्रत्येक मुलीला ‘बाळ’ म्हणत होत्या. पिशवीतून त्यांनी एक पांढरं कापड काढलं आणि झेंड्यासारखं धरलं.

“मुलींनो, तुम्ही भिवंडीकडच्या, यंत्रमागांच्या भागातल्या. कापड म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजच निजामपुऱ्याच्या बाजारातून आणलंय. कोरं. आहे कुठे डाग?”

“न्हाय!” मुली ओरडल्या.

“आता हे प्रत्येकीने हातात घ्यायचं, मस्त चुरगाळायचं, आणि शेजारणीला द्यायचं.”

असल्या हॉलमध्ये मुलींना कधी खेळायला मिळत नाही. त्यांनी मनापासून चुरगाळलं. कापड रांगेतून रांगेत फिरलं. कोणाच्या हाताला खिचडीचं तेल, कोणाच्या शाई, एकीच्या ओल्या मेंदीचा हिरवा काला. परत पुढे आलं तेव्हा त्याचं पोतेरं झालं होतं. बाईंनी ते दोन बोटांच्या चिमटीत उचललं. नाकापासून लांब.

“आता सांगा. कोणता व्यापारी घेईल हे? कोणत्या नवरदेवाला द्याल?”

लहान मुलींना कळलं नव्हतं, पण काहीतरी वाईट झालंय आणि ते आपल्या हातून झालंय, एवढं कळलं होतं. आठवीतल्या एकीने हात फ्रॉकला पुसले.

तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला. “बाई, धुतलं का निघंल.”

मुली फिसकन हसल्या. मीही हसले, खिडकीकडे तोंड करून.

“काही डाग निघत नाहीत, बाळ.”

“निघत्यात. सोड्यात भिजवाचं रातभर.”

ती आगाऊपणा करत नव्हती. दहावीतली मुलगी, शाळेच्या वसतिगृहात राहणारी, स्वतःचे आणि धाकट्या बहिणीचे कपडे रोज हातांनी धुणारी. तिला प्रश्न विचारला होता आणि तिच्याकडे उत्तर होतं. माझ्या तासालाही ती अशीच. उत्तर द्यायच्या आधी थांबायची, वर आढ्याकडे बघायची, आणि मग जे सांगायची ते बरोबर असायचं.

बाईंचा गोड आवाज थोडा घट्ट झाला. “उभी राहा. कुठली तू?”

तिने पाड्याचं नाव सांगितलं. अकलोलीच्या वर, डोंगराच्या अंगाला.

“अस्सं. मग तूच सांग सगळ्यांना. आधी काय येतं? लग्न, की मूल?”

याचं उत्तर काय अपेक्षित आहे हे हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. हिने आढ्याकडे बघितलं. विचार केला.

“कुनाकुनाचं कसं असतं,” ती म्हणाली. “आमच्याकडं पोरं आधी. माझ्या आयच्या लग्नात मीच करवली होते.”

क्षणभर कोणाला अर्थच लागला नाही. मग नवरीच्या मागे कलश घेऊन उभी राहिलेली नवरीचीच मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. हॉल फुटला. मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आणि ती? तीही हसली. तिला वाटलं, गंमत आवडली सगळ्यांना. त्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, “हिरवा परकर होता मला! नवा!”

ते ‘नवा!’ माझ्या कानातून अजून जात नाही.

मग तिचं लक्ष पाहुण्या बाईंच्या तोंडाकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं.

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. “बघितलंत ना मुलींनो, संयम नसला की काय होतं? हिचा दोष नाही यात. हिच्या आईला कोणी शिकवलंच नाही. म्हणून तर आम्ही येतो.” आणि मग सगळ्यांना उभं करून, हात पुढे करायला लावून त्यांनी शपथ दिली. लग्नापर्यंत मी स्वतःला शुद्ध ठेवीन, आईवडिलांची मान खाली जाऊ देणार नाही, असं काहीतरी. हिचा हात खाली होता.

“हात पुढे कर, बाळ.”

तिने केला. मी बघत होते. उठले नाही.

शपथेतल्या आईवडिलांचं तिने काय करायचं होतं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो. त्या पाड्यावर दोघं एका घरात राहायला लागली की ती नवरा-बायको. साऱ्या पाड्याला ठाऊक, साऱ्या पाड्याला मान्य. मांडव, जेवण, लगीन लावणारी बाई बोलावणं हे सवडीने, चार वर्षांनी, दहा वर्षांनी. कधी मुलीचं लग्न ठरतं तेव्हा त्याच मांडवात आधी आईबापाचं उरकून घेतात. तिचा बाप तिच्या आईला सोडून कुठे गेला नव्हता. दोघं मिळून दुसऱ्याच्या शेतात राबतात, पावसाळ्यात स्वतःचं पिकवतात. आमच्याकडे थाटामाटाने लागलेली आणि वर्षात मोडलेली किती लग्नं मी पाहिली आहेत. पण डाग कोणाला लागला? तर तिला.

दुपारपर्यंत मैदानावरच्या मुलांनाही कळलं होतं. तिचं नाव गेलं आणि ‘करवली’ आलं.

“ए करवली, नवरी कुठंय?”

“करवली, आता आजीचं लगीन कधी? आम्हाला पन बोलाव, नाचू!”

मुलांच्या चिडवण्याला ती एखादं उत्तर फेकायची. “तुझ्या बापाला विचार, तो व्हता पंगतीला,” असं एकाला म्हणाल्याचं मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. पण वसतिगृहातल्या मुलींचं वेगळं चाललं होतं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. तिचे कपडे ज्या दोरीवर, त्या दोरीवर बाकीच्या मुली कपडे घालेनात. तिचे दोन ड्रेस, तिच्या बहिणीचा फ्रॉक, आणि मग लांबलचक रिकामी दोरी. शेजारच्या दोरीवर मात्र कपड्यांवर कपडे. पाहुण्या बाईंचा पाठ चांगला समजला होता मुलींना. त्यांच्या इतर कुठल्या पाठाचा इतका अभ्यास मी पाहिलेला नाही.

मी हे मुख्याध्यापकांना सांगायला गेले. त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मला कोणाच्या तरी समोर शरीराचा विषय काढायचा म्हटलं की घसा बंद होतो. तो माझा स्वभाव आहे असं मी खूप वर्षं मानत आले. आता मानत नाही. माझा घसा नीट कारागिरी करून बंद केलेला आहे. माझ्या शाळेत, चांगल्या इंग्रजी शाळेत, वर्षाच्या सुरुवातीला विज्ञानाची टीचर स्टेपलर घेऊन यायची. प्रजननाच्या धड्याची पानं आम्ही एकमेकांना चिकटवून घ्यायची, प्रत्येकीने आपल्या हाताने, कडेला टाचण्या मारून. “इट इज नॉट इम्पॉर्टंट फॉर द एग्झाम,” ती म्हणायची. स्टेपलर बाकावरून बाकावर फिरायचा, परवा ते कापड फिरलं तसाच. घरी मी नखांनी त्या टाचण्या काढल्या आणि वाचलं. म्हणून माझ्याकडे शब्द आले, पण फक्त इंग्रजी. छापील. ते मला दवाखान्यात उच्चारता येतात, परीक्षेत लिहिता येतात. मराठीत माझ्याकडे त्या जागेसाठी नुसतं ‘तिथे’ आहे. आईकडेही तेवढंच. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने कपाटातून पाकीट काढून दिलं आणि म्हणाली, “आता सांभाळून.” कशाला सांभाळायचं, कोणापासून, काही नाही.

आणि याच माझ्या आगरी घरात हळदीच्या दिवशी बायका जी गाणी म्हणतात ती ऐकावीत. नवऱ्यामुलाचं आणि नवरीचं रात्री काय होणार, ते ढोलाच्या ठेक्यावर, माझ्या मावश्या-काकवा घसा ताणून गातात आणि पोरंसोरं समोर नाचतात. त्याला परंपरा म्हणतात. मी त्या गाण्यांविरुद्ध नाही. पण त्यातल्या एका ओळीतला एक शब्द मी दुसऱ्या दिवशी चहा पिताना उच्चारला, तर आईच्या हातून कप पडेल.

मराठीच्या मॅडमना मी एकदा म्हणाले, दोरीचं बघा ना. त्या म्हणाल्या, “अगं, होईल आठवड्यात शांत. पोरीच त्या.” झालं नाही. उलट वाढलं. वसतिगृहातल्या दोन मुलींच्या पालकांनी तक्रार केली. त्या मुलीच्या तोंडून आमच्या मुलींच्या कानावर नको ते पडतं, म्हणून. मग मुख्याध्यापकांनीच मला बोलावलं.

“बसा मॅडम. त्या मुलीचं काय करायचं?”

मी म्हणाले, “तिने काही केलेलं नाही.”

इतक्या हळू म्हणाले की त्यांनी “हं?” केलं, आणि मी परत म्हणाले नाही.

“तिला सतरा नंबरने बसू दे,” ते म्हणाले. “घरी राहून अभ्यास करेल. परीक्षा काय, बाहेरूनही देता येते. शाळेचं वातावरण महत्त्वाचं. अजून बोर्डाचे फॉर्म गेलेले नाहीत, तोवर निर्णय घेऊन टाकू.”

सतरा नंबर म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसणं. डोंगरातल्या पाड्यावर, विज्ञानाच्या प्रयोगाविना, धाकटी बहीण आणि शेतातलं काम सांभाळून. तिथून दहावी पास झालेली मुलगी मला एकही माहीत नाही. हे त्यांनाही माहीत होतं.

“आणि एक लक्षात घ्या,” त्यांनी आवाज खाली आणला. “त्या भागात सगळं असंच चालतं. तिची मोठी बहीण आहे म्हणे एकाकडे राहायला. वय काय तिचं? अठरा असेल तर असेल. नसलं तर पोक्सो लागतो. आपल्याला कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर आपण आत. म्हणून मी काही विचारतच नाही. तुम्हीही विचारू नका. मी गप्प बसतोय, हे त्या कुटुंबावर उपकार आहेत.”

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर कायदे वाचत बसले. मला वाटत असतं की कुठेतरी लिहिलेलं असेल. इंग्रजी शाळेने मला दिलेली ही श्रद्धा. अठराच्या आत संमती नाही, हे आहे. कळलं तर कळवा, हे आहे. लग्नाचं वय आहे. शिक्षा आहेत, कलमांनिशी. आमच्याच राज्याने एकेकाळी लैंगिक शिक्षणाचा विषय शाळेतून सरळ बंद केला होता आणि मग तो दुसरी नावं घेऊन, डोक्यावरून पदर घेऊन परत आला, हेही सापडलं. जीवन कौशल्य. किशोर मार्गदर्शन. मुलीला काय सांगू नये, याचा इतका विचार झालेला आहे. सोळा वर्षांच्या मुलीने न कळता गुन्ह्यात सापडू नये म्हणून तिला आधी कोणी काहीतरी समजावून सांगायचं असतं, ते कोणी, कोणत्या तासाला? तिथे सगळे हात वर. आणि मग पोटात मूल वाढलं की तोच कायदा पोलीस घेऊन येतो. तिला विचारू नका, तिला सांगू नका, आणि चुकली की धरा. मला त्या एसटीत ओरडावंसं वाटलं. शेजारी एक बाई मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन झोपली होती. मी मोबाइल बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती मला नळावर भेटली. मधली सुट्टी होती, ती एकटी होती. आजकाल एकटीच असायची.

“मॅडम, तो धडा कवा घेनार?”

“कोणता?”

तिने इकडेतिकडे बघितलं. “मानसाचं प्रजनन. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात हाय. मी वाचला. इंग्रजीतून निम्मा कळला न्हाय.”

“घेणार आहे.”

“मागल्या वर्षी दहावीला न्हाय घेतला म्हनं. घरी वाचा म्हनले सर.” ती ओंजळीने पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं. “मला नर्सिंगला जायचंय. आमच्या पाड्यावर बाया घरीच बाळंत होत्यात. गेल्या पावसात माझी चुलती गेली. पोर जगलं, ती गेली. मला बघायचं व्हतं पुस्तकात का गेली ते.”

मी शेजारचा नळ सोडला आणि हात धुवायला लागले.

“मॅडम, एक विचारू? माझी आय खराब हाय का?”

“नाही,” मी म्हणाले. “अजिबात नाही.”

“मग तुमी त्या बाईला का न्हाय म्हनलं?”

घंटा झाली. ती पळाली, कारण उशीर झाला की तिला वेगळं उभं करत होते आजकाल. मी नळ चालूच ठेवून उभी राहिले.

तिच्या आईवडिलांना सोमवारी बोलावलं. बाप कामावर होता, आई आली. डोंगर उतरून, मग टमटमने. पायात स्लीपर, नेसूचं नीट चापूनचोपून, केसांना तेल. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः, शाळा समितीचे अध्यक्ष, मराठीच्या मॅडम, आणि हॉलमध्ये हजर होते म्हणून मी. अध्यक्ष आमच्या गावाकडचे, बाबांच्या ओळखीचे. त्यांच्या मुलीच्या हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. मला बघून म्हणाले, “काय गं पोरी, बाबा बरे ना?” मी मान हलवली. मुलगी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. आत बोलावली नव्हती, पण दार उघडं होतं.

आईला खुर्ची दिली तरी ती खाली बसायला गेली. मराठीच्या मॅडमनी तिला हाताला धरून वर बसवलं. तेवढं त्यांनी केलं.

मुख्याध्यापक बराच वेळ बोलले. शाळेची शिस्त, बाकीचे पालक, वातावरण. सतरा नंबर किती सोयीचा. आई ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला “हां, हां” म्हणत होती. ते संपल्यावर तिने विचारलं, “पन सायेब, तिनं केलं काय?”

“केलं असं नाही. बोलली.”

“काय बोलली?”

मुख्याध्यापकांनी पेपरवेट फिरवला. “आता ते... तुमच्या घरच्या काही गोष्टी. मुलींसमोर बोलू नयेत अशा.”

“चोरी केली म्हनली?”

“नाही हो.”

“मंग?”

अध्यक्ष पुढे सरकले. “बाई, असं बघा. लग्नाआधी जे व्हायला नको ते तुमच्याकडं होतं. ते पोरगी चारचौघांत सांगते. बाकीच्या पोरी काय शिकणार? त्यांना वाटेल, चालतंय.”

“आमचं लगीन झालेलं हाय,” आई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. “सगळा पाडा जेवला. हीच तर करवली व्हती.”

मराठीच्या मॅडमच्या तोंडून हसू सुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात बुडवलं. आईने ते पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते आणि ते कळण्याचा क्षण मला दिसला. तिने पदर खांद्यावरून ओढून घट्ट धरला, एकदम, कोणीतरी तो ओढायला आल्यासारखा. दाराबाहेर मुलगी भिंतीपासून सरळ उभी राहिली. हॉलमध्ये आईचं नाव घेऊन शपथ घ्यायला लावली तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

“इथं अंगठा... सही येते का? इथं सही करा,” मुख्याध्यापक म्हणाले. “तिच्याच भल्यासाठी आहे.”

आईने पेन घेतलं. मग तिने टेबलाच्या पलीकडे बघितलं, एकेकाकडे, आणि माझ्याशी थांबली. मी तिथली सगळ्यात लहान होते. बहुधा म्हणूनच.

“बाय, तुमी व्हता ना तिथं? तुमी सांगा. माझ्या पोरीनं केलं काय?”

“मॅडम फार बोलत नाहीत,” मुख्याध्यापक म्हणाले.

“लाजते ती,” अध्यक्ष म्हणाले, प्रेमाने. “लहानपणापासून.”

मी उठून उभी राहिले, कारण बसून माझा आवाज निघाला नसता. मनात सगळं इंग्रजीत तयार होतं, नीट, मुद्देसूद. ते तिला कळलं नसतं. मी आईच्या हातातून पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग मुख्याध्यापकांकडे वळले, आणि दाराबाहेरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले:

“तिने काही केलं नाही. तिला प्रश्न विचारला, तिने खरं उत्तर दिलं. चुकीचं त्या पाहुण्या बाईंनी शिकवलं, आणि मी तिथे बसून ते शिकवू दिलं. मूल लग्नाने होत नाही, सर. गर्भाशयात होतं. कसं होतं, ते दहावीच्या पुस्तकात आहे, सरकारनेच छापलेल्या; बाळंतपणात बाई का मरते, ते समजायला तिथूनच सुरुवात करावी लागते. तो धडा मी उद्या घेणार आहे, मराठीत, मुलामुलींना एका वर्गात बसवून. माझे तास बंद करायचे तर परवापासून करा. उद्या ही पहिल्या बाकावर बसणार आहे.”